वाटणीचे नाटक : गावातल्या हौशी मंडळाने ‘किंग लिअर’ कसे बसवावे

वैनगंगेच्या खोऱ्यात नाटकाचे कौतुक कोणाला सांगावे लागत नाही. दिवाळी सरली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू होतात, देसाईगंज म्हणजे आपल्या वडशाच्या नाटक मंडळ्यांच्या तारखा लागतात, आणि थंडीत पांघरूण घेऊन पहाटेपर्यंत नाटक पाहणारा प्रेक्षक गावोगाव भेटतो. तरीही एखाद्या हौशी मंडळाने शेक्सपिअरची शोकांतिका करायचे ठरवले की पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारतो, “आपल्या लोकांना ते समजेल का?” आमच्या मंडळात हा प्रश्न निघाला तेव्हा मी नाटकाचे नाव न सांगता फक्त गोष्ट सांगितली. एका म्हाताऱ्याने जिवंतपणीच जमिनीची वाटणी केली, गोड बोलणाऱ्या दोन मुलींना सगळे दिले, खरे बोलणाऱ्या धाकटीला काही दिले नाही, आणि पुढे त्या दोघींच्याही दारात त्याला जागा उरली नाही. बैठकीत कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही, उलट प्रत्येकाला आपल्या ओळखीतले एक घर आठवले.

बहुतेक हौशी मंडळे ‘मॅकबेथ’कडे वळतात, कारण ती शेक्सपिअरची सर्वांत छोटी शोकांतिका आहे आणि तिच्यात चेटकिणी व भूत आहे. माझे मत वेगळे आहे. ‘मॅकबेथ’ साधायला लढाया, मेजवानीतले भूत आणि चालत येणारे अरण्य, असे बरेच तंत्र लागते, तर ‘लिअर’ला एक मोठा आवाज, तीन समंजस अभिनेत्री, गडगडाटासाठी एक पत्रा आणि ऐकण्याची सवय असलेला प्रेक्षक लागतो. यातले शेवटचे आपल्याकडे आधीपासूनच आहे. पुढे दिलेली कामाची पद्धत याच नाटकासाठी आहे, पण तिचा बराच भाग कोणत्याही शोकांतिकेला लागू पडेल.

आधी शेतीचे वेळापत्रक, मग नाटकाचे

हौशी नाटक पडते ते बहुधा तालमीला माणसे येत नाहीत म्हणून, आणि माणसे येत नाहीत कारण तारखा शेती न पाहता ठरवलेल्या असतात. धानाच्या पट्ट्यात रोवणी आटोपल्यावर, साधारण पोळ्याच्या सुमारास, थोडी उसंत मिळते. वाचन तेव्हाच सुरू करावे. पोळ्यापासून नवरात्रापर्यंत आठवड्यातून दोन संध्याकाळी नुसते बसून वाचावे, भूमिका वाटू नयेत, सगळ्यांनी सगळे वाचावे. कापणी आणि मळणीच्या काळात तालीम ठेवूच नये. त्या दीड-दोन महिन्यांत नटांनी आपापली भाषणे घरी पाठ करावीत, आणि खरे सांगायचे तर बांधावर बसून एकट्याने मोठ्याने म्हटलेले भाषण तालमीतल्या चार दिवसांच्या बरोबरीचे असते. डिसेंबरच्या मध्यापासून सलग चाळीस दिवस रोज तालीम घ्यावी आणि प्रयोग जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत लावावा. कापूस आणि तुरीच्या भागातल्या मंडळांनी हा हिशेब आपल्या वेचणीप्रमाणे बदलून घ्यावा. तारीख पक्की करण्याआधी शेजारच्या गावांतली मंडई, शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि कंपनीच्या नाटकांच्या तारखा विचारून घ्याव्यात.

संहिता

शेक्सपिअर १६१६ साली गेला, त्यामुळे मूळ नाटकावर कोणाचा हक्क नाही. अनुवादाचे तसे नाही. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो, आणि हा नियम अनुवादकालाही लागू आहे. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ १९७४ सालचा आहे आणि विंदा २०१० साली गेले, म्हणजे तो करायचा असेल तर हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावीच लागेल. पुस्तक विकत घेतले म्हणजे प्रयोगाचा हक्क मिळाला, ही समजूत अनेक मंडळांत आहे आणि ती चुकीची आहे.

दुसरा मार्ग म्हणजे मूळ इंग्रजीवरून आपणच रूपांतर करणे. मराठीला याची जुनी सवय आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली ‘ऑथेल्लो’ मराठीत आणला, आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, आणि देवलांनी ऑथेल्लोला ‘झुंझारराव’ करून मराठी मातीत उभा केला. गावात इंग्रजीचे एक-दोन शिक्षक आणि नाटकाचा कान असलेला एखादा माणूस असला की हे काम होते. एकाने अर्थ सांगावा, दुसऱ्याने तो बोलून दाखवावा, तिसऱ्याने लिहावा. लिहिलेले प्रत्येक वाक्य उभे राहून, पन्नास फुटांवरच्या माणसाला ऐकू जाईल असे म्हणून पाहावे. जे वाक्य म्हणताना मध्येच श्वास तुटतो ते पुन्हा लिहावे.

मूळ नाटकाच्या दोन प्रती आहेत, एक १६०८ सालची आणि दुसरी १६२३ च्या संग्रहातली, आणि दोघींत शेकडो ओळींचा फरक आहे. हौशी मंडळासाठी ही फार उपयोगाची गोष्ट आहे, कारण काय कापावे याचा सल्ला त्यातूनच मिळतो. चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश, ज्यात राजाचा निष्ठावंत सरदार केंट आणि दुसरा एक सरदार धाकट्या कॉर्डेलियाच्या अश्रूंचे वर्णन करतात, तो नंतरच्या प्रतीत पूर्णपणे गाळलेला आहे, आपणही गाळावा. वादळानंतर झोपडीत लिअर मुलींवर चालवतो तो खोटा खटलाही त्या प्रतीत नाही. तोसुद्धा सोडता येतो, जरी मला तो सोडताना वाईट वाटले. याशिवाय फ्रान्सच्या स्वारीचे राजकारण, कॉर्डेलियाला मागणी घालणाऱ्या बर्गंडीच्या सरदाराची बोलणी आणि शेवटच्या द्वंद्वाआधीचे लांबलचक आव्हान निम्म्यावर आणावे. पूर्ण नाटक साडेतीन तासांच्या आसपास जाते. आपले दोन तास वीस मिनिटांत बसवावे. आपला प्रेक्षक रात्रभर बसू शकतो हे खरे आहे, पण हौशी नटाचा घसा रात्रभर टिकत नाही.

शेवट मात्र बदलू नये. आमच्याकडे वाचनाच्या वेळी दोन वडीलधाऱ्यांनी आग्रह धरला होता की धाकटीला जगवा. त्यांचा आग्रह जगावेगळा नव्हता. नेहम टेट नावाच्या इंग्रज लेखकाने १६८१ साली नेमके तेच केले, कॉर्डेलियाला वाचवून तिचे एडगरशी, म्हणजे सरदार ग्लॉस्टरच्या थोरल्या मुलाशी, लग्न लावून दिले, आणि इंग्लंडच्या रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षे तेच रूप चालले. १८३८ साली मॅक्रेडी या नटाने शेक्सपिअरचे मूळ रूप परत आणले. धाकटी जगली तर लिअरने केलेल्या चुकीची भरपाई होते आणि प्रेक्षक हलक्या मनाने घरी जातो. ते दुसरे नाटक आहे, ही शोकांतिका नव्हे.

बोली, नावे आणि ‘तू-तुम्ही’

इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण गावातला प्रयोग बहुतांशी याच ठिकाणी जमतो किंवा फसतो.

सगळे नाटक झाडीबोलीत किंवा वऱ्हाडीत करावे असे काहींना वाटते, आणि सगळे पुस्तकी मराठीत करावे असे इतरांना. मूळ नाटकच याचे उत्तर देते. केंट हद्दपार झाल्यावर वेषांतर करून परत येतो तेव्हा तो बोलण्याची ढब बदलतो, हे तो स्वतः सांगतो. एडगर तर आंधळ्या बापाचा जीव वाचवताना चक्क खेडवळ बोलीत बोलू लागतो. म्हणजे दरबाराची भाषा एक आणि जमिनीवरच्या माणसाची भाषा दुसरी, हा भेद शेक्सपिअरनेच केलेला आहे. आम्ही दरबारी प्रवेश स्वच्छ प्रमाण मराठीत ठेवले आणि विदूषक, वेषांतरातला केंट, वेडा भिकारी झालेला एडगर व नोकरचाकर यांना आपली बोली दिली. थोरलीचा कारभारी ऑस्वल्ड आंधळ्या ग्लॉस्टरवर तलवार उगारतो तेव्हा आमचा एडगर मध्ये उभा राहून म्हणाला, “म्हाताऱ्याले हात नको लावू, सांगून रायलो तुले.” तोपर्यंत हळूच कुजबुजणारा मैदानाचा मागचा भाग त्या वाक्यावर गप्प झाला.

संबोधनांचा विचार याहून बारकाईने करावा. मूळ इंग्रजीत राजाशी सगळे आदराने बोलत असताना केंट पहिल्याच प्रवेशात त्याला एकेरीत विचारतो की म्हाताऱ्या, तू करतोस तरी काय? मराठीत ‘आपण’, ‘तुम्ही’ आणि ‘तू’ अशा तीन पायऱ्या असल्यामुळे हा धक्का इंग्रजीपेक्षाही नेमका देता येतो. केंटने तोवर प्रत्येक वाक्यात ‘महाराज, आपण’ म्हणावे आणि मग एकदाच “काय करतोस हे, म्हाताऱ्या?” असे म्हणावे, त्यानंतर पूर्ण दोन श्वास कोणी हलू नये. थोरली गॉनरिल आणि मधली रीगन यांनी वाटणीच्या वेळी बापाला ‘आपण’ म्हणावे, वाटणी झाल्यावर ‘तुम्ही’, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी त्याच्यासमोरच एकमेकींशी बोलताना ‘म्हातारा’. कॉर्डेलियाने पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त ‘बाबा, तुम्ही’ म्हणावे. प्रेक्षकाला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही, कारण कोणत्या घरात कोण कोणाला काय म्हणतो यावरून माणूस ओळखण्याची सवय गावाला असतेच.

नावे बदलावीत का? आम्ही तशीच ठेवली आणि पहिल्या प्रयोगात चुकलो, कारण एडगर आणि एडमंड यांतला कोण कोणता हे प्रेक्षकांना अर्ध्या नाटकापर्यंत कळले नाही. दुसऱ्या प्रयोगात नावे ठेवूनच संवादांत नात्याचे शब्द पेरले. राजाच्या मुलींना सगळे ‘थोरली, मधली, धाकटी’ म्हणू लागले, ग्लॉस्टरच्या मुलांना ‘थोरला’ आणि ‘धाकटा’. अडचण संपली.

आणखी एक शब्द जपावा. वाटणीच्या वेळी बाप विचारतो की बहिणींपेक्षा मोठा हिस्सा मिळवायला तू काय बोलशील, आणि धाकटी म्हणते, “काही नाही.” पुढे ग्लॉस्टर एडमंडला विचारतो की हातात कसला कागद आहे, तेव्हा तोही म्हणतो, “काही नाही.” विदूषक राजाला हाच शब्द पुन्हा ऐकवतो. अनुवाद करताना या तिन्ही ठिकाणी वेगवेगळे सुंदर शब्द सुचतात. ते वापरू नयेत. तिन्ही ठिकाणी तेच दोन साधे शब्द हवेत, म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानात ते साठत जातील.

माणसे जमवणे

बारा ते तेरा जणांत हे नाटक होते. स्त्रिया तीनच आहेत, आणि विदूषक व कॉर्डेलिया एकदाही एकत्र रंगमंचावर येत नाहीत, म्हणून एकाच अभिनेत्रीला दोन्ही कामे देता येतात. ही केवळ काटकसर नव्हे. ज्या धाकटीला त्याने हाकलले तीच विदूषकाच्या टोपीत त्याच्यासोबत वादळात फिरते आहे, असे प्रेक्षकाला नकळत जाणवते, आणि शेवटी मेलेल्या धाकटीला कवटाळून लिअर ‘माझा बिचारा वेडा’ (मूळ इंग्रजीत विदूषकासाठीचाच शब्द) असा उल्लेख करतो तेव्हा त्या ओळीला दुहेरी अर्थ येतो. मधलीचा नवरा कॉर्नवॉल तिसऱ्या अंकात जखमी होऊन जातो, त्या नटाने पुढे वैद्य करावा. बर्गंडी पहिल्या प्रवेशापुरताच आहे, त्याने ऑस्वल्ड करावा.

लिअर स्वतः ऐंशीच्या वर असल्याचे सांगतो. त्या वयाचा नट शोधू नये. पंचेचाळीस ते साठ वयाचा, छाती भरून बोलणारा आणि तितकाच हळू बोलू शकणारा माणूस हवा. भजनी मंडळात किंवा दंडारीत आवाज टाकलेला माणूस मिळाला तर उत्तम, मात्र प्रत्येक वाक्याच्या शेवटी सूर वर नेण्याची त्याची सवय पहिल्या पंधरवड्यातच मोडावी लागते.

मुलींच्या सहभागाबद्दल स्पष्ट लिहितो. मंडळातल्या दोन ज्येष्ठ स्त्रियांनी प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन तालमीच्या वेळा, जागा आणि परत सोडण्याची व्यवस्था आधी सांगावी, त्यांच्या प्रवेशांच्या तालमी दुपारी ठेवाव्यात, आणि तालमीच्या जागी घरच्या कोणालाही कधीही येऊन बसता यावे. एवढे केल्यावर आम्हाला एकाही घरातून नकार आला नाही.

तालमीतले दोन प्रवेश

पहिला, वाटणीचा. लिअर नकाशा मागवतो. आम्ही आरंभी कागदी नकाशा मेजावर ठेवला होता आणि तो प्रेक्षकांना दिसतच नव्हता. मग मांजरपाटाच्या दहा फुटी कापडावर गाव नकाशासारख्या आडव्या-तिडव्या रेघा, नदी आणि जंगल काढून ते जमिनीवर अंथरले. थोरलीचे गोड भाषण संपताच लिअरने हातातल्या काठीने एक पट्टा दाखवला आणि ती आपला पदर सावरत त्या पट्ट्यावर जाऊन उभी राहिली. मधलीही तशीच. धाकटी कापडाच्या बाहेर, उघड्या जमिनीवर. “काही नाही” म्हणताना तिचे पाय त्या कापडाला लागले नाहीत, आणि रागावलेल्या लिअरने उरलेला तिसरा पट्टा दोघींत वाटला तेव्हा दोन्ही जावयांनी कापडाची टोके दोन बाजूंनी ओढली. तेच कापड पुढे झोपडीत लिअरच्या अंगावर पांघरूण म्हणून टाकले. एवढ्यावर नेपथ्य भागले.

दुसरा, दुसऱ्या अंकाच्या शेवटचा. लिअरने आपल्यासोबत शंभर सरदार ठेवण्याची अट घातलेली असते. थोरलीने ते पन्नासवर आणले आहेत, मधली पंचवीस म्हणते, मग थोरली विचारते की पंचवीस तरी कशाला, दहा कशाला, पाच कशाला, आणि मधली म्हणते, एक तरी कशाला हवा? हा प्रवेश नट रडत करतात आणि तो बिघडतो. तो बाजारात माल उतरवलेल्या शेतकऱ्यासमोर व्यापारी भाव पाडत जातात तसा करावा. दोघी बहिणींनी शांतपणे, हिशेबी आवाजात, बापाच्या दोन बाजूंना उभे राहून बोलावे, आणि लिअरची मान प्रत्येक आकड्याला एकीकडून दुसरीकडे वळावी. शेवटच्या आकड्यापर्यंत त्याच्या डोळ्यांत पाणी येऊ देऊ नये. गरजेचा हिशेब मांडू नका, हे त्याचे उत्तर त्यानंतरच फुटावे.

आमच्या तालमीत याच प्रवेशानंतर एका नटाने विचारले होते की आजच्या काळात असा बाप काय करू शकला असता. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही तर ती रद्द करून घेण्याची सोय आहे, आणि त्यासाठीचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो. त्या संध्याकाळी तालीम अर्धा तास थांबली, पण त्या चर्चेनंतर बहिणींचे काम करणाऱ्या दोघींच्या आवाजातला नाटकीपणा गेला.

आंधळ्या ग्लॉस्टरला एडगर कड्याच्या टोकावर आणल्याचे भासवतो, तो प्रवेश मात्र उंच पाट किंवा पायऱ्या न लावता सपाट फळ्यांवरच करावा. कडा तिथे नाहीच, हेच त्या प्रवेशाचे मर्म आहे.

वादळ

पहिल्या प्रयोगात आम्ही गडगडाटाची ध्वनिफीत लावली. तिने लिअरचे सगळे भाषण गिळले, मागून “आवाज, आवाज” अशी ओरड सुरू झाली आणि बिचारा नट गर्जना करून करून तिसऱ्या अंकातच बसला. त्यानंतर आम्ही हाताने केलेल्या वादळावर आलो आणि तेच सुचवतो.

साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असा पातळ, सपाट पत्रा घ्यावा. छपराचा पन्हाळी पत्रा घुमत नाही. वरच्या व खालच्या कडेला लाकडी पट्टी ठोकून तो विंगेत टांगावा, उरलेल्या कडांना जाड कापड शिवावे, नाहीतर अंधारात हात कापतो. खालची पट्टी धरून हलवली की दूरची गुरगुर, झटका दिला की जवळचा कडकडाट. पावसासाठी मोठ्या सुपात लाखोळी किंवा तूर घेऊन माइकजवळ एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवत राहावी. नियम एकच आहे, लिअर बोलत असताना पत्रा बोलत नाही. त्याचे वाक्य संपले की आभाळ उत्तर देईल आणि आभाळ थांबले की तो पुढचे वाक्य टाकेल. पत्रा हलवणाऱ्याला लिअरचे भाषण लिअरइतकेच पाठ हवे, म्हणून त्याला पहिल्या तालमीपासून बसवावे.

प्रकाशाबद्दल एवढेच की वादळ म्हणजे अंधार नव्हे. तोंड दिसले नाही तर शब्दही कमी ऐकू येतो. एका बाजूने निळसर प्रकाश सतत ठेवावा. लिअर या प्रवेशात अंगावरचे कपडे उतरवू लागतो, आणि आपल्याकडे जानेवारीच्या रात्री दव पडून फळ्यासुद्धा ओल्या होतात, तेव्हा विंगेत घोंगडी आणि गरम चहा घेऊन एक माणूस फक्त त्याच्यासाठी उभा असावा.

ग्लॉस्टरचे डोळे

कॉर्नवॉल ग्लॉस्टरचे डोळे काढतो तो प्रवेश अनेक मंडळे गाळतात. गाळू नये, पण दाखवूही नये. ग्लॉस्टरला खुर्चीला बांधून खुर्चीची पाठ प्रेक्षकांकडे करावी, कॉर्नवॉलने पुढे वाकावे, आणि प्रेक्षकांना दिसावे ते समोर उभ्या असलेल्या नोकरांचे चेहरे. रक्तासाठी गुळाचा पाक वापरू नका. आम्ही वापरला आणि दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या पेटीत मुंग्याच मुंग्या झाल्या. कॉर्नफ्लोअर पाण्यात शिजवून त्यात खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको घातला की दिव्याखाली रंग खरा दिसतो आणि धुतलाही जातो.

याच प्रवेशात एक साधा नोकर मालकावर तलवार उपसतो आणि मारला जातो. त्याला नाव नाही, ओळी जेमतेम आठ-दहा आहेत, पण हे काम चांगल्या नटाला द्यावे. जुन्या प्रतीत त्यानंतर उरलेल्या दोन नोकरांपैकी एक म्हाताऱ्याच्या रक्ताळलेल्या चेहऱ्यावर लावायला जवसाचा तंतू आणि अंड्याचा पांढरा बलक आणायला जातो. नंतरच्या प्रतीत हे संवाद नाहीत. आम्ही ते मुद्दाम ठेवले. जवस आपल्या शेतात होतो, जखमेवर घरचा लेप लावणारी माणसे आपण पाहिली आहेत, आणि इतक्या क्रौर्यानंतर गरिबाच्या हातचे ते दोन पदार्थ ऐकताना समोरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

परवानग्या, वीज आणि माइक

सार्वजनिक प्रयोगाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. संहिता निदान दोन महिने आधी पाठवावी. ग्रामपंचायतीचा ठराव आणि पोलीस ठाण्याची ध्वनिक्षेपकाची परवानगी लेखी घ्यावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. शासनाने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवशीच बारापर्यंत सूट मिळते. म्हणून पडदा सातला उघडावा. वीज तात्पुरती जोडणी घेऊनच वापरावी, आकडा टाकू नये. दवामुळे ओल्या झालेल्या जमिनीवर उघडी जोड असलेली वायर जिवावर बेतते. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, शक्य तितका दूर ठेवावा.

माइक वरून टांगलेले तीन आणि समोर एक पुरतात, पण ते प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा लावून चालत नाही. शेवटच्या आठ तालमींत त्यांच्या जागी दोरीला लोटे टांगावेत, म्हणजे नटांना कोणत्या ओळीला कुठे पोहोचायचे ते अंगवळणी पडते. प्रॉम्प्टर ठेवावा, मात्र त्याने विचारल्याशिवाय शब्द देऊ नये, कारण या नाटकातली शांतता अनेकदा विसरण्यासारखीच दिसते.

शेवटचा प्रवेश

लिअर कॉर्डेलियाला हातांत उचलून आणतो. याची तालीम पहिल्या आठवड्यापासून गादीवर घ्यावी. तिने एक हात त्याच्या मानेमागे ठेवून आपले वजन त्याच्या खांद्यावर द्यावे आणि तो हात केसांआड झाकावा. त्याने पाठीतून न वाकता गुडघ्यांतून उचलावे. अंतर चार पावलांचे ठेवावे, आणि विंगेतून निघताना दुसऱ्या कोणीतरी तिला त्याच्या हातांवर ठेवावे. त्याचा आक्रोश विंगेतच सुरू व्हावा, म्हणजे तो दिसण्याआधी ऐकू येईल.

यानंतर तो ओरडत नाही. ती परत येणार नाही, हे सांगताना मूळ ओळीत एकच शब्द पाच वेळा आहे. आम्ही “कधीच नाही” असे घेतले आणि नटाला सांगितले की प्रत्येक वेळी तिच्या अंगाचा एकेक भाग पाहून म्हण, केस, डोळे, ओठ, हात, आणि शेवटचे कुठेही न पाहता. मग तो जवळच्या माणसाला विनवतो की माझी एवढी गुंडी सोडा. ही गुंडी खरी हवी. आमच्या लिअरच्या बंडीला नुसते टाके घातलेले होते आणि केंटची बोटे तिथे चाचपडत राहिली. दुसऱ्या प्रयोगाला गळ्याशी घट्ट बसणारी काळी गुंडी लावली, ती खरोखर सोडवावी लागली, त्याला चार-पाच क्षण लागले, आणि तेवढा वेळ सगळे मैदान त्या दोन बोटांकडे पाहत होते.

सत्कार, देणगीदारांची नावे आणि आभार हे सगळे नाटकाआधी उरकावे. शेवटी कोणीही माइक हाती घेऊ नये. मूळ सूचनेप्रमाणे प्रेते उचलून सर्वजण शोकवाद्याच्या तालावर जातात; आमच्याकडे एकट्या डफड्याने तो संथ ठेका धरला. रंगमंच रिकामा झाल्यावर ठेका आणखी आठ-दहा मात्रा चालू द्यावा, मग थांबवावा, आणि मैदानाच्या वाटेवरचे दिवे लावावेत, म्हणजे झोपलेली पोरे खांद्यावर घेऊन लोकांना घरी जाता येईल.